कुठली गोळी सोडायची, हे पेशंटनं ठरवायचं का?



आजचा लेख कुठल्या एका आजारावर नाही. औषध जवळच्या मेडिकलमध्ये मिळत असूनही माणसं ते का सोडतात, आणि गरज नसलेल्या गोष्टींवर मात्र पैसे का घालवतात, यावर आहे. या प्रश्नावर आम्हा डॉक्टरांपेक्षा अर्थशास्त्रज्ञांनी जास्त नेटानं काम केलं आहे. त्यांनी काय शोधलं आणि त्यावर माझं मत काय, ते सांगतोच. पण आधी एक प्रसंग सांगतो. त्यात चूक माझीही होती.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रंगकाम करणारे एक काका माझ्याकडे यायचे. पन्नाशी उलटलेली, रक्तदाब १७०/१०० च्या आसपास. मी चिठ्ठीवर पाच औषधं लिहून दिली होती. रक्तदाबाच्या दोन गोळ्या, कोलेस्टेरॉलची एक, पित्ताची एक कॅप्सूल, आणि ते "अंगात त्राण नाही" म्हणाले म्हणून व्हिटॅमिनची एक. सगळं मिळून महिन्याचं बिल सातशेच्या वर जायचं. सुरुवातीला ते नियमित आले. मग पावसाळा लागला. पावसाळ्यात रंगाची कामं जवळजवळ थांबतात. मी विचारायचो, "गोळ्या चालू आहेत ना?" ते म्हणायचे, "हो, चालू आहेत."

एके दिवशी सकाळी त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि बोलताना जीभ अडखळू लागली. पॅरालिसिसचा झटका होता. दवाखान्यातून सुटल्यावर पुन्हा माझ्याकडे आले, तेव्हा कळलं की दोन महिन्यांपासून रक्तदाबाच्या गोळ्या एक दिवसाआड चालल्या होत्या आणि कोलेस्टेरॉलची तर बंदच होती. चालू काय होतं? पित्ताची कॅप्सूल आणि व्हिटॅमिनची गोळी. मधल्या काळात एकदा दुसरीकडे जाऊन ताकदीचं सलाईनही लावून घेतलं होतं.

मी चिडलो. "एवढं समजावून सांगितलं तरी कळत नाही का?" असं म्हणून बसलो. काका मान खाली घालून गप्प राहिले. काकू मात्र म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही पाच औषधं लिहिली. पाचही घ्यायला पैसे पुरत नव्हते. त्यातलं कुठलं सोडायचं, ते आम्हाला काय ठाऊक? पित्ताच्या गोळीनं बरं वाटायचं, ती ठेवली."

मला उत्तर देता आलं नाही. ज्या गोळीनं त्यांचा हात वाचला असता आणि जी मी खरं तर लिहायलाच नको होती, त्या दोन्ही गोळ्या माझ्या चिठ्ठीवर एकाखाली एक, एकाच अक्षरात लिहिलेल्या होत्या.

भाजी घेणं आणि औषध घेणं

आम्हा डॉक्टरांची एक ठाम समजूत असते. पेशंट चुकीचं वागतो कारण त्याला माहिती नसते, आणि माहिती दिली की तो बरोबर वागेल. म्हणून आम्ही पोस्टर लावतो, भाषणं देतो, असे लेखही लिहितो. अर्थशास्त्रज्ञ वेगळे प्रश्न विचारतात. या माणसाला ही गोष्ट करायला किती खर्च येतो? पैशांचा, वेळेचा, बुडालेल्या मजुरीचा? तो खर्च आज आहे की उद्या? आणि फायदा आज दिसतो की दहा वर्षांनी?

केनेथ ॲरो नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६३ साली एक लेख लिहिला. आरोग्याच्या अर्थशास्त्राची सुरुवात बहुतेक जण त्या लेखापासून मोजतात. त्यातला मुद्दा साध्या भाषेत सांगायचा तर असा: वांगं किडकं आहे की नाही, हे तुम्ही उलटसुलट करून बघू शकता. महाग वाटलं तर शेजारच्या गाड्यावर जाता. औषधाचं तसं नाही. आपल्याला काय हवं आहे हेच घेणाऱ्याला माहीत नसतं, आणि ते जो सांगतो त्याचंच पोट त्यावर चालतं. घेतल्यावरही ते लागू पडलं की आजार आपोआप बरा झाला, हे कळत नाही. म्हणजे "गिऱ्हाईक शहाणं असतं, ते बरोबर निवडेल" हा बाजाराचा नियम इथे लंगडा पडतो.

हा नियम नेमका किती लंगडा पडतो, हे पुढे प्रत्यक्ष प्रयोग करून तपासलं गेलं.

पैसे भरावे लागले की माणसं काय कमी करतात?

अमेरिकेत १९७४ ते १९८२ या काळात रँड या संस्थेनं एक मोठा प्रयोग केला. सहा ठिकाणची सुमारे पावणेतीन हजार कुटुंबं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांना वेगवेगळ्या विमा योजना वाटून दिल्या. काहींना सगळे उपचार पूर्ण मोफत. काहींना बिलाच्या २५ टक्के, काहींना ५० टक्के, तर काहींना ९५ टक्के रक्कम स्वतः भरायची. कुणावर फार बोजा पडू नये म्हणून वर्षाच्या खर्चाला उत्पन्नानुसार मर्यादा घातली होती. मग तीन ते पाच वर्षं या लोकांकडे लक्ष ठेवलं.

पहिला निष्कर्ष अपेक्षितच होता. ज्यांना सगळं मोफत होतं, त्यांच्यापेक्षा ९५ टक्केवाल्यांचा उपचारांवरचा खर्च सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाला. फुकट असलं की माणूस जास्त वेळा डॉक्टरकडे जातो.

दुसरा निष्कर्ष माझ्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचा आहे. ज्यांना पैसे भरावे लागले, त्यांनी नेमकं काय कमी केलं? तुम्हा-आम्हाला वाटेल की सर्दीसाठी डॉक्टरकडे धावणं कमी केलं असेल आणि खऱ्या गरजेचं चालू ठेवलं असेल. तसं झालं नाही. उपयोगी उपचार आणि निरुपयोगी उपचार, दोन्ही जवळपास सारख्याच प्रमाणात कमी झाले. पैशाच्या चाळणीतून गहूही गळले आणि खडेही गळले.

सरासरी माणसाच्या तब्येतीत यामुळे फार फरक पडला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. सहभागी लोक बहुतेक धडधाकट होते. पण जे गरीब होते आणि ज्यांना रक्तदाब होता, त्यांच्यात फरक दिसला. मोफत उपचार मिळालेल्यांचा रक्तदाब अधिक आटोक्यात राहिला. जास्त जोखमीच्या लोकांमध्ये त्यामुळे मृत्यूचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी कमी होईल, असा संशोधकांचा अंदाज होता. आमचे रंगकाम करणारे काका नेमके याच गटातले.

"आमचे पेशंट शिकलेले नाहीत" ही सबब

तुम्ही म्हणाल, ते गरीब होते, कमी शिकलेले होते. शिकलेला, पगारदार माणूस विचार करून खर्च करेल.

यावरही अभ्यास झाला आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीनं २०१३ साली आपल्या हजारो कर्मचाऱ्यांचा विमा बदलला. आधी सगळं मोफत होतं. नव्या योजनेत वर्षातला पहिला ठरावीक खर्च कर्मचाऱ्यानं स्वतः करायचा आणि त्यानंतर विमा सुरू व्हायचा. हे लोक चांगल्या पगाराचे होते. त्या पहिल्या खर्चाइतके पैसे कंपनीनंच त्यांच्या खात्यात टाकले होते. कुठल्या दवाखान्यात काय दर आहे, हे बघायची सोयही करून दिली होती. यापेक्षा शहाणं गिऱ्हाईक कुठून आणायचं?

खर्च १२ ते १४ टक्क्यांनी कमी झाला. पण संशोधकांनी तपशील बघितला, तेव्हा स्वस्त दवाखाना शोधून पैसे वाचवल्याचा पुरावा सापडला नाही. लोकांनी नुसतं जाणं कमी केलं. गरज नसलेले स्कॅन कमी झाले, तशी आजार टाळण्यासाठीची उपयुक्त काळजीही कमी झाली.

तेव्हा कृपा करून हा प्रश्न अडाणीपणाचा समजू नका. इंजिनिअर असो की रंगारी, खिशाला चिमटा बसला की दोघंही एकाच पद्धतीनं कापतात. आज त्रास देत नाही ते आधी जातं. रक्तदाब आज त्रास देत नाही, कोलेस्टेरॉल तर कधीच जाणवत नाही. पित्त मात्र लगेच जळजळतं.

याचा शेवट कुठे होऊ शकतो, हे अमिताभ चंद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसतं. तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेत ६५ वर्षं पूर्ण झाली की सरकारी औषध विमा मिळतो. त्याला वर्षाची एक मर्यादा होती. ती संपली की औषधं एकदम महाग पडायची. ज्याचा वाढदिवस वर्षाच्या सुरुवातीला, त्याला पहिल्या वर्षी तीच मर्यादा जास्त महिने पुरवावी लागे. ज्याचा वर्षाच्या शेवटी, त्याला कमी महिने. म्हणजे महिन्याला किती रक्कम वाट्याला येणार, हे निव्वळ जन्माच्या महिन्यावर ठरत होतं. ज्यांच्या वाट्याला कमी रक्कम आली, त्यांनी औषधं कमी केली आणि त्यांच्यात मृत्यू जास्त झाले. महिन्यामागे शंभर डॉलर कमी पडले, तर मृत्यूचं प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी वाढलं. ज्यांना हार्ट अटॅकचा धोका सर्वांत जास्त होता, त्यांनीच कोलेस्टेरॉलची गोळी इतरांपेक्षा जास्त सोडली. आणि असं करण्यात काही धोका आहे, याची पेशंटना कल्पना नव्हती, असंही त्या अभ्यासात दिसलं.

हे वाचलं तेव्हा मला काकूंचं वाक्य आठवलं. "कुठलं सोडायचं, ते आम्हाला काय ठाऊक?"

मग सगळं फुकट दिलं की झालं?

तेवढ्यानंही भागत नाही. हार्ट अटॅक येऊन घरी गेलेल्या ५,८५५ पेशंटवर अमेरिकेत एक प्रयोग झाला, त्याचे निकाल २०११ साली आले. अर्ध्यांना हृदयाची महत्त्वाची औषधं पूर्ण मोफत दिली, बाकीच्यांना नेहमीसारखा काही भाग भरावा लागला. पैसे भरणाऱ्यांमध्ये औषधं नीट घेण्याचं प्रमाण ३६ ते ४९ टक्के होतं. मोफत मिळणाऱ्यांमध्ये ते फक्त चार ते सहा टक्क्यांनी जास्त निघालं. विचार करा, मरणाच्या दारातून परत आलेली माणसं, औषध फुकट, आणि तरीही निम्म्यांच्या आसपास लोक ते नीट घेत नव्हते.

कारण पैसा ही एकच किंमत नसते. मेडिकलपर्यंत जाणं, रांग, आठवण ठेवणं, "मी आजारी आहे" हे रोज स्वतःला मान्य करणं, हे सगळं आजच करावं लागतं. फायदा मात्र कधीतरी पुढे, आणि तोही न दिसणारा, कारण न आलेला झटका कुणाला दिसत नाही. आजचा छोटा त्रास आपल्याला उद्याच्या मोठ्या फायद्यापेक्षा मोठा वाटतो. तुम्ही पहाटे फिरायला जायचं रात्री ठरवता आणि पहाटे गजर बंद करता, तसंच हे आहे.

इथे आपल्याच देशातला एक प्रयोग सांगतो. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर ही संस्था काम करते. तिथे अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी १३४ गावांत लहान मुलांच्या लसीकरणाचा अभ्यास केला. सरकारी लस मोफतच होती. पण ती देणारी नर्स केंद्रावर असेलच याचा भरवसा नसायचा. ज्या गावांत काहीच जादा केलं नाही, तिथे फक्त ६ टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण झालं. काही गावांत दर महिन्याला ठरल्या दिवशी न चुकता शिबिर घेतलं. तिथे प्रमाण १८ टक्के झालं. आणखी काही गावांत तेच शिबिर, आणि शिवाय प्रत्येक लसीला एक किलो डाळ व सगळ्या लसी पूर्ण झाल्यावर जेवणाच्या थाळ्या दिल्या. तिथे प्रमाण ३९ टक्क्यांवर गेलं.

डाळ दिली म्हणजे खर्च वाढला असेल, असं वाटतं ना? उलट झालं. एका मुलाचं लसीकरण पूर्ण करायचा खर्च डाळीशिवाय २,२०२ रुपये येत होता, तो डाळ दिल्यावर १,१०२ रुपयांवर आला. कारण नर्स तर दिवसभर बसलेलीच असते. मुलं जास्त आली की तिचा खर्च जास्त जणांत वाटला जातो.

त्या आयांना लसीचं महत्त्व कळत नव्हतं का? एक किलो डाळीसाठी कुणी आपल्या लेकराला धोक्याची वाटणारी सुई टोचून घेणार नाही. विरोध नव्हताच. "पुढच्या महिन्यात जाऊ" एवढंच होतं. डाळीनं "पुढच्या महिन्यात" चं "आज" केलं.

"फुकटच्या वस्तूची किंमत नसते"

हे वाक्य मी कितीतरी मीटिंगमध्ये ऐकलं आहे, आणि एके काळी स्वतःही म्हणायचो. थोडे तरी पैसे घ्यावेत, म्हणजे माणूस वस्तू वापरतो. केनियात जेसिका कोहेन आणि पास्कलीन डुपास यांनी हे तपासलं. तिथल्या दवाखान्यांत गरोदर बायकांना मलेरियापासून वाचवणाऱ्या मच्छरदाण्या काही ठिकाणी फुकट, काही ठिकाणी वेगवेगळ्या किमतींना दिल्या. फुकटऐवजी ६० सेंट किंमत लावली, तर मच्छरदाणी नेणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्क्यांनी घसरलं, म्हणजे फुकट असताना शंभरातल्या जितक्या बायका नेत, त्यातल्या साठ जणी कमी झाल्या. आणि जिनं पैसे देऊन नेली, ती फुकट नेणारीपेक्षा जास्त वापरते, असं काही दिसलं नाही. म्हणजे त्या लहानशा किमतीनं बेफिकीर माणसं नाही, तर ज्यांच्या खिशात तेवढे पैसे नव्हते ती माणसं बाहेर काढली.

दुसरी बाजूही खरी आहे. अमेरिकेत ओरेगॉन राज्यानं २००८ साली गरिबांसाठीच्या सरकारी विम्याच्या जागा लॉटरीनं वाटल्या. त्यामुळे विमा मिळालेले आणि न मिळालेले यांची स्वच्छ तुलना करता आली. विमा मिळालेल्यांचं इमर्जन्सी विभागात जाणं सुमारे ४० टक्क्यांनी वाढलं. दोन वर्षांत रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांच्या आकड्यांत लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र नैराश्य कमी झालं आणि दवाखान्याच्या बिलांनी कंबर मोडण्याचं प्रमाण जवळजवळ संपलं.

यातून मी काय घेतो? सगळंच फुकट करणं हा इलाज नाही आणि सगळ्यावर थोडीथोडी किंमत लावणं हाही नाही. काय फुकट असावं आणि कशाला पैसे पडावेत, हे कुणीतरी जाणकारानं ठरवलं पाहिजे. पेशंटच्या रिकाम्या खिशावर ते सोपवू नये.

आपल्याकडचं उलटं गणित

आता घरी या. आपल्या देशात २०१३-१४ साली आरोग्यावरच्या एकूण खर्चातला ६४ टक्के भाग लोक स्वतःच्या खिशातून करत होते. २०२१-२२ पर्यंत तो सुमारे ३९ टक्क्यांवर आला, असं सरकारी हिशेब सांगतो. सुधारणा आहेच. पण उरलेल्या खिशातल्या खर्चातला मोठा वाटा औषधांचा आहे. ॲडमिट न होता, रोजच्या रोज घ्यायच्या औषधांचा.

आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. आपल्या राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. या योजनांनी हजारो घरं कर्जापासून वाचवली आहेत. पण त्या मुख्यतः ॲडमिट झालेल्यांसाठी आहेत. खासगी मेडिक्लेमही बहुतेक तसाच. म्हणजे काकांना झटका आल्यावरचा दवाखाना योजनेत झाला, एक पैसा लागला नाही. झटका टाळणारी गोळी मात्र त्यांना पावसाळ्यात परवडली नाही. आपण छप्पर गळू देतो आणि खालची भिजलेली गादी बदलून देतो.

सरकारी दवाखान्यात औषधं मोफत आहेत, हे खरं. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सगळं निःशुल्क आहे. तरी माझे पेशंट सांगतात, "डॉक्टर, गोळी फुकट आहे, पण एक हजेरी जाते. आणि गेलं की कधी एक गोळी असते, कधी दुसरी." हजेरी बुडणं हीसुद्धा किंमतच आहे. रक्तदाब आणि मधुमेहाच्या स्थिर पेशंटला एका वेळी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात, आणि त्या घराजवळच्या उपकेंद्रात न चुकता मिळाव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. उदयपूरच्या शिबिरांनी हेच दाखवलं की "ठरल्या दिवशी नक्की मिळेल" एवढ्या भरवशानंच तिप्पट फरक पडतो.

आणि आमच्या व्यवसायाबद्दलही बोलतो, कारण ते टाळणं बरं नाही. पेशंट सलाईन मागतो, टॉनिक मागतो, कारण त्यानं लगेच बरं वाटतं. दिलं नाही तर तो शेजारच्या दवाखान्यात जातो. दिलं तर बिल वाढतं. ॲरो म्हणाले ते हेच, जो सांगतो त्याचंच पोट त्यावर चालतं. काकांना व्हिटॅमिन लिहिताना माझ्या मनात पैसे नव्हते, पण "पेशंट खूश राहील" हे होतं. आणि त्यांच्या त्या सातशेतले दीडशे त्यात गेले.

आता तुम्ही काय करायचं?

हे माझं मत आहे, आणि गेली काही वर्षं मी स्वतः असंच काम करतो.

१. पैशांचं आधी बोला. "डॉक्टर, औषधाला महिन्याला चारशेच निघतात" असं सरळ सांगा. यात लाज कसली? चारशेत बसणारी चिठ्ठी लिहिणं हे आमचं काम आहे. पुष्कळदा ते जमतं.

२. चिठ्ठीला क्रमांक लावून घ्या. "यातली कुठली कधीच सोडायची नाही, आणि कुठली अडचणीत सोडली तरी चालेल?" असं विचारा. मी आता सर्वांत महत्त्वाची गोळी सर्वांत वर लिहितो आणि तिच्याभोवती गोल करतो. ज्या औषधाला शेवटचा क्रमांक देताना मी अडखळतो, ते बहुधा लिहायचीच गरज नसते.

३. स्वस्त कंपनीची गोळी विचारा. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, ॲटोरव्हास्टॅटिन अशी बरीच नेहमीची औषधं जनऔषधी केंद्रात कमी दरात मिळतात. बदल करण्याआधी नाव आणि मिलिग्रॅम डॉक्टरांना दाखवा.

४. कापायचंच असेल तर इथून सुरुवात करा: ताकदीचं सलाईन, टॉनिक, सर्दी-पडशाला आपल्या मनानं घेतलेलं ॲन्टिबायोटिक, जाहिरात बघून केलेलं संपूर्ण तपासणीचं पॅकेज, महिन्याभरापूर्वीचा रिपोर्ट असताना पुन्हा केलेली तीच तपासणी.

५. आपल्या मनानं कधीच बंद करू नका: रक्तदाब, मधुमेह, इन्सुलिन, फिट्स, थायरॉइड, क्षयरोग यांची औषधं, स्टेंटनंतरची रक्त पातळ ठेवणारी गोळी, दम्याचा रोजचा पंप, स्टिरॉइड. यातली काही एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं.

६. मनावर विसंबू नका, सवयीला बांधा. गोळी दात घासायच्या ब्रशजवळ किंवा चहाच्या डब्याजवळ ठेवा (घरात लहान मूल असेल तर उंचावर). पगार किंवा हप्ता ज्या दिवशी मिळतो, त्याच दिवशी महिन्याच्या गोळ्या आणा. आज घ्यायची आठवण नको, समोर दिसली पाहिजे.

७. घरातल्यांनी रागावू नका. रागावलं की माणूस "चालू आहेत" म्हणतो. मी आता "गोळ्या चालू आहेत ना?" असं विचारत नाही. "गेल्या आठवड्यात किती दिवस राहिली?" असं विचारतो. खरं उत्तर येतं. "तीन दिवस" असं कुणी म्हणालं तर पुढचा प्रश्न "का?" असतो, आणि दहातले निदान पाच-सहा वेळा तरी उत्तर पैशांचं किंवा वेळेचं असतं.

काका अजून माझ्याकडे येतात. हात बराच सुधारला, पण ब्रश धरून भिंत रंगवण्याइतका नाही. आता मुलगा कामं घेतो आणि ते रंग कालवून देतात. त्यांच्या चिठ्ठीवर आता चार औषधं आहेत, जनऔषधीतून आणली की अडीचशेच्या आत बसतात. मागच्या पावसाळ्यात काकू आल्या आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "डॉक्टर, या महिन्यात थोडी ओढाताण आहे." आम्ही मेडिकलवाल्याशी बोललो, पंधरा दिवसांच्या गोळ्या आधी घेतल्या आणि पंधरा दिवसांच्या नंतर. एकही दिवस चुकला नाही.

तुमच्या पुढच्या भेटीत तुम्हीही एवढं एक वाक्य बोलून बघा. डॉक्टर रागावले, तर त्यांना हा लेख दाखवा.